रिकाम्या खुर्चीपुढून

सेफीनामावशींचा कॉम्प्युटर कधीही हँग व्हायचा. मी त्यांच्या घरी जाऊन रॅम बदलली, पंखा बदलला, तरी तेच.

तिसऱ्या दिवशी त्या भडकल्या. "आपियासारख्या शहरात दुकान टाकलंस म्हणून आपली सामोअन रीत विसरलास, टोणग्या? माझ्या नवऱ्याच्या खुर्चीपुढून ताठ काय जातोस? वाकून, 'तुलोउ' म्हणून जावं मोठ्यांसमोरून!"

"पण ते तर वारले ना, मावशी?"

"मग?"

मी हसत वाकलो, 'तुलोउ', म्हणजे 'माफ करा', म्हणालो. त्यानंतर दिवसभर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

आज सकाळी दुकानात एकटाच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर तपासत होतो. स्क्रू घ्यायला रिकाम्या स्टुलापुढून गेलो आणि स्क्रीन गोठली.

मी घाईघाईने वाकलो. "तुलोउ."

स्क्रीन हलली नाही. मागे स्टूल करकरलं, कुणी उठताना करकरतं तसं.