गुण आला

पहिल्या समुपदेशकांनी आम्हाला मनातलं बोलायला सांगितलं. मी बोलले आणि नवरा आठवडाभर फुगून बसला. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. त्या त्याला लागू पडल्या आणि रात्र झाली की पोटात गोळा मला यायला लागला. तिसऱ्या बाईंनी मात्र सरळ बंदी घातली. "महिनाभर फक्त हातात हात घ्यायचा. त्यापुढे काही नाही."

"म्हणजे उपासच की," नवरा कुरकुरला, पण त्याने तो पाळला.

महिन्याने बाईंनी मला विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच शांत झोप लागतेय," मी खरं ते सांगितलं.

 

बाई नवऱ्याकडे वळून हसल्या. "गुण आला की. आजपासून बंदी उठली."