विनाशिकेवरचं गरम पाणी

"यातलं एकही क्षेपणास्त्र शत्रूवर डागावं लागलं नाही," जपानी विनाशिका बघायला आलेल्या लोकांना नौसैनिक सांगत होता. जहाज पुढच्या आठवड्यात निवृत्त होणार होतं.

"मग इतकी वर्षं केलं काय?" एकानं हसत विचारलं.

"मला आंघोळ घातली," गर्दीतून एक आजी म्हणाल्या. "त्सुनामीत घर वाहून गेलं, तेव्हा इथं आणलं होतं आम्हाला. गरम पाण्यात बसले, तेव्हा कुठं रडू फुटलं."

त्यांनी पिशवीतून जहाजाचं नाव असलेला, स्वच्छ धुवून घडी केलेला टॉवेल काढला. "हा परत द्यायचा राहिला."

"ठेवा तुमच्याकडेच, आजी," नौसैनिक म्हणाला. "जहाज आता मोडीतच जाणार."

आजींनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"मग जाण्याआधी एकदा पाणी तापव की रे!"