एक ओळ वर

“पट्टी ठेव गं ओळीखाली. डोळा घसरतो, पट्टी घसरत नाही.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजारच्या वर्गावरच्या म्हाताऱ्या शिक्षिकेने सांगितलेलं हे वाक्य आज सकाळपासून बाईंच्या कानात ठसठसत होतं. इस्त्रीच्या दुकानाची पायरी चढताना त्यांनी पिशवी छातीशी धरली. पिशवीत दोन प्रगतिपुस्तकं होती, नव्याने लिहिलेली, शिक्क्यावाचूनची.

झालं होतं ते एवढंच. वर्षाच्या मध्यात एक मुलगा शाळा सोडून गेला. पटावरून नाव कमी झालं, नावावर लाल रेघ आली. वार्षिक परीक्षेचे गुण चढवताना बाईंनी ती ओळ रिकामी सोडली नाही. पेपर क्रमाने लावलेले होते, नावं बघायचं भान नव्हतं. रेघेच्या ओळीत पुढच्याचे गुण गेले, पुढच्याच्या ओळीत त्याच्या पुढच्याचे. पहिला विषय जसा चढला, तसेच बाकीचे. शेवटी एक ओळ उरली, तर बाईंनी तिथे ‘गैरहजर’ लिहून टाकलं. काल त्या शेवटच्या मुलाची आई शाळेत आली. म्हणाली, “गैरहजर कसा? डबा भरून दिला होता मी.”

“त्याचं तेवढं दुरुस्त करा,” मुख्याध्यापक म्हणाले. “बाकीचे सगळे वरच्या वर्गात गेलेच आहेत. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या.”

पण इस्त्रीवाल्याच्या घरातल्या दोघी पटावर एकीखाली एक होत्या. आधी त्याची लेक, मग पुतणी. लेकीच्या नावावर पुतणीचे गुण गेले, आणि पुतणीच्या नावावर तिसऱ्याच कुणाचे, घसघशीत. मोठ्या शाळेत एकीलाच पाठवायची घरची ऐपत होती; जिचे गुण जास्त, ती जाणार. दुसरी दुकानात उभी राहणार होती.

“या बाई, या. वेळेवर आलात,” इस्त्रीवाला म्हणाला. “पुतणी उद्या जाते मोठ्या शाळेत. आशीर्वाद द्या.”

टेबलाशी लेक उभी होती. नवा निळा स्कर्ट पसरून चुणीवर चुणी बसवत होती. वाफ वर आली की तोंड बाजूला, वाफ विरली की पुन्हा खाली. स्कर्ट तिचा नव्हता. ज्या पुतणीचा होता, ती कपड्यांच्या गाठोड्यावर बसून नखं खात होती.

“द्या आशीर्वाद,” इस्त्रीवाल्याची बायको म्हणाली. “आणि एवढंही सांगा, माझी पोर एकाएकी ढ कशी झाली? दर वर्षी तुम्हीच हिची पाठ थोपटत होतात ना?”

“तू गप बस. भावाला त्याच्या शेवटच्या घडीला शब्द दिलाय मी, पोटच्या पोरीत आणि हिच्यात फरक करणार नाही म्हणून. शाळेने लिहिलं ते लिहिलं. काळ्या दगडावरची रेघ. मी स्वतःच्या पोरीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको.”

“मग त्याच दगडावर डोकं आपटते मी,” बायको म्हणाली. तिने पाठ फिरवली आणि गिऱ्हाइकाच्या चादरींच्या घड्या घालू लागली. घडी मोडायची, पुन्हा घालायची.

बाईंनी पिशवीत हात घातला. “मी त्याचसाठी आले होते. ते गुण—”

“बाई, पाणी देऊ?” लेक मध्येच बोलली.

“नको गं. गुण चढवताना माझ्याकडून—”

“चुण्या बघा ना बाई, नीट बसल्यात? वाढत्या अंगाचा घेतलाय.” तिने इस्त्री उभी केली, टेबलाला वळसा घालून आली आणि पिशवीतल्या बाईंच्या हातावर आपला हात ठेवला. हात तापलेला होता. मनगटाजवळ चटक्याचा ताजा डाग होता. आवाज खाली आणून ती म्हणाली, “मला कळलंय, बाई. राहू द्या. मला आई आहे.”

बाईंच्या मुठीत नव्या प्रगतिपुस्तकाचं पान चुरगळलं. खरं सांगावं तर एक लेकरू या टेबलाशी उभं राहणार, न सांगावं तर दुसरं. आणि अक्षर दोन्हीकडे त्यांचंच. त्यांनी टेबलाची कड धरली.

“काय म्हणत होतात, बाई?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “सहज आले होते. पोरींना बघायला.”

“घाल गं स्कर्ट. बघू दे बाईंना.”

पुतणी उठली. फ्रॉकवरूनच तिने स्कर्ट चढवला. लेक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, कमरेचा हूक लावला, कडेची एक चुणी बोटाने सरळ केली. “फिर बघू,” ती म्हणाली. “छान दिसतेस.” आणि हसली. हसू ओठांवर आलं, तिथेच थांबलं.

पुतणी फिरली नाही. ती खाली बघत होती, बहिणीच्या केसांच्या भांगाकडे. मग तिने हूक काढला. स्कर्ट पायांतून उतरवला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. घडी नीट आली नाही.

“अगं, काय झालं?” इस्त्रीवाला म्हणाला. “टोचतोय का?”

लेकीने मान हलवली. नको, नको.

“काका,” पुतणी म्हणाली, “मला जायचंय. खूप जायचंय. पण ते गुण माझे नाहीत.”