बाण चुकवणारा नियम

दवाखान्याच्या बाकावर शाल्मली मोबाइलवर खेळत होती. तिची तिरंदाज यमुना शत्रूच्या वेढ्यात सापडली, तसे त्या सहा वर्षांच्या पोरीचे डोळे भरून आले. खेळाशी जोडलेल्या मनगटावरच्या पट्ट्याला ते लगेच कळले. पडद्यावरचे बाण एकामागून एक चुकले आणि यमुना सहीसलामत निसटली.

"बघितलंत आजोबा? रडलं की वाचते ती."

खेळ विश्वनाथरावांनीच रचलेला होता. पूर्वी एक चाल चुकली की यमुना मरायची आणि पुढची सगळी गोष्ट तिच्या आठवणीवर चालायची. पण मुले खेळ अर्ध्यात टाकू लागली, पालकांच्या तक्रारी आल्या. मग त्यांनीच नियम घातला, की खेळणाऱ्याला रडू आले तर शत्रूने चुकायचे. त्यानंतर एकाही मुलाने यमुनेला मरताना पाहिले नव्हते.

डॉक्टर बाहेर आले. "आजींना भेटून घ्या. आता फार वेळ नाही."

आत आजीच्या उशाशी यंत्रावरचा हृदयाच्या ठोक्यांचा आकडा उतरत होता. शाल्मली मुळीच घाबरली नाही. तिने पट्टा यंत्राला टेकवला आणि रडायला लागली. आकडा उतरतच राहिला, तशी ती मोठ्याने रडली. शेवटी तिने चिडून मागे पाहिले.

"नियम तुम्हीच केलाय ना? मग सांगा की, अजून किती रडू?"

विश्वनाथराव खाली वाकले आणि तिचा पट्टा सोडवू लागले. तिने हात हिसकावून घेतला.

"काढू नका ना! मग आजी खरंच मरेल."