आईचा रकाना

"लिहितेस, का लावू रिंग?"

मर्लकाकानं पकडीवर रबराची रिंग ताणून धरली होती. गुडघ्यांत तीन महिन्यांचा बोकड दाबलेला. तपकिरी, छातीनं रुंद, नजरेत पुरती मस्ती. एकदा ती रिंग बसली की बोकड खच्ची. मग सरळ सॅन अँजेलोच्या बाजारात, मटणाच्या भावानं.

पिकअपच्या मागच्या फळीवर दोन अर्ज पडले होते, उडू नयेत म्हणून वर चाटणाचा मिठाचा खडा. ओलेटा त्यांच्याकडं बघत उभी होती. सतरा वर्षांची, शाळेला दीड वर्षापूर्वीच रामराम ठोकलेली.

पहिला अर्ज मोठ्या संस्थेचा. गुळगुळीत कागद, वर सोनेरी बोकड. नोंदायचा बोकड आईबाप दोन्हींकडून अस्सल बोअर जातीचा हवा. निम्म्या रक्ताची शेळी त्यांच्या वहीत बसायची, निम्म्या रक्ताचा बोकड नाही. बापाची अडचण नव्हती. बाप काकाचा बोकड सेनेटर, तीन जत्रांत पहिला आलेला. घोडं अडलं होतं आईपाशी. आई म्हणजे ओलेटाची पीकान, झाडोऱ्यात वाढलेली गावठी स्पॅनिश शेळी.

"आईच्या रकान्यात डचेस लिही," काका म्हणाला. "विषय संपला."

"तुझी अस्सल डचेस मेली, काका. मार्चमध्ये. खड्डा तूच खणलास."

"कागदावर जिवंत आहे अजून. रंगही हाच होता तिचा. आणि ते रक्त तपासतात फक्त बापाचं."

"जंतांनी मेली ती. त्या पावसात तुझ्या अकरा अस्सल शेळ्या गेल्या. पीकानला मी जंताच्या औषधाचा थेंब पाजला नाही, तरी ती टिकली."

"कोण विचारतंय? जत्रेत पंच पाठीवरून हात फिरवतो. लेंड्या नाही बघत."

"तेच म्हणतेय मी."

तिनं दुसरा अर्ज ओढला. साधा झेरॉक्सचा कागद, कोपऱ्यात कॉफीचा डाग. रक्त कुठलंही चालेल, असं त्यात लिहिलं होतं. नव्वद दिवसांचं वजन सांगा, औषध किती वेळा पाजलं सांगा.

काका खदखदून हसला. "केंटकीतली ती बाई? स्वयंपाकघरात बसून नोंदणी चालवते. चाळीस सभासद, त्यातला एक तिचा नवरा. तिच्या कागदाला कुत्रं विचारणार नाही, पोरी."

"कुत्र्याला कुठं विकायचाय?"

ओलेटानं पेनचं टोपण दातानं काढलं. वजन, अडुसष्ट पौंड. औषध, शून्य. आई, पीकान. अक्षर इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

"बापाच्या मालकाची सही लागते," ती म्हणाली. "कर."

"त्या रद्दीवर? माझ्या सेनेटरचं नाव? मेलो तरी नाही."

"बरं." ती परत वाकली. बाप, माहीत नाही.

काकाचा चेहरा लालबुंद झाला. "ए! माहीत नाही काय? तो काय, कुंपणापलीकडं उभाय! अख्खा जिल्हा ओळखतो त्याला!"

"मग कर सही."

"रिंग लावतो मी. आत्ता."

"लाव की. पण पीकान माझी आहे. दोन उन्हाळे तुझी सीडरची झाडं तोडली मी, हाताची सालटी निघेपर्यंत, त्या मजुरीत दिलीस तू ती. माझ्या शेळीच्या पोराला हात लावायचा असेल तर मला विचारून."

तिनं खोक्यातून कानात अक्षरं गोंदायचा चिमटा काढला. आजवर त्यात काकाच्या कळपाची अक्षरं असायची. तिनं ती उपसून फळीवर ठेवली, स्वतःची दोन बसवली. बोकडाच्या उजव्या कानात बोटानं हिरवी शाई चोळली.

"नीट धर," ती म्हणाली. "हललं तर अक्षर फिसकटेल."

चाळीस वर्षांची सवय. काकानं रिंगची पकड टाकली आणि दोन्ही हातांनी बोकडाची मान गच्च धरली. मग आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. तोवर चिमटा बसला होता.

बोकड असा किंचाळला की पिकअपवरचा होला उडाला.

कुंपणाच्या आत सेनेटरनं मानसुद्धा वर केली नाही. घमेल्यात तोंड घालून तो खात राहिला.

टेकडीवरच्या सीडरमध्ये काहीतरी कडाकड मोडलं. आठवड्यापूर्वीच पीकानला पोरापासून तोडून वरच्या रानात सोडलं होतं. पोटाला कुसळं, शिंगात अडकलेली फांदी, तशी तपकिरी शेळी तारेवरून उडी टाकून धुरळा उडवत खाली आली आणि तिनं काकाच्या बरगडीत मुंडी घातली.

काका धुळीत बसला. शेळीनं पोराचा हिरवा कान हुंगला.

"ही कोण, काका?" ओलेटानं सहीसाठी पेन पुढं केलं.