शिवलेलं पान

पहिलं पान गेलं तेव्हा मी शिपायावर आळ घेतला. जंगलातल्या एका दुर्मिळ झाडाचं वाळवलेलं पान कागदावर दोऱ्याने शिवून समितीला दाखवलं, की जंगलतोड थांबणार होती. कागदावर उरली होती सुईची भोकं.

दुसरं पान मी कुलपात ठेवलं आणि किल्ली गळ्यात घालून आंघोळसुद्धा केली. तेही गेलं.

मग संशय आला जंगलातल्या आजीवर. झाड तिनेच दाखवलं होतं. तिने मला झाडापाशी नेलं. फांदीवर दोन हिरवीगार पानं होती, दोन्हींत माझे पांढरे टाके.

"आजी, ही थट्टा तुमचीच ना?"

"मला सुईत दोरा ओवता येतो का गं? आणि गाठ बघ. इतकी गबाळी गाठ माझी सूनही मारत नाही! तोडताना झाडाला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग आता विचार."

हसू दाबत मी विचारलं, "येतोस का रे बाबा?"

आजीने खोडाला कान लावला. "येतो म्हणतंय."

"कोण, पान?"

"झाड."

आज समितीपुढे फाईल उघडली. नव्याने तोडून शिवलेलं पान जागेवर होतं! माझा जीव भांड्यात पडला.

"जरा इकडे द्या," समितीचे साहेब म्हणाले. कागद टेबलावरून निघेना. साहेबांनीही ओढून पाहिला.

"गोंद सांडलाय का, मॅडम?" म्हणत ते टेबलाखाली वाकले.

वर आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी हळूच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"मॅडम," ते कुजबुजले, "तुम्हीही पाय वर घ्या. खाली मुळं पसरताहेत."

मला पाय उचलता येईना.