पथ्याचा गुण

विमा कंपनीची अट होती: पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया हवी असेल, तर आधी सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली पथ्य पाळून दाखवा. पाच महिने वर्नाने उकडलेली कोंबडी आणि ब्रोकोली गिळली. काटा हलला नाही, गुडघे मात्र बोंबलत राहिले. सहाव्या महिन्यात वजन एकदम उतरलं आणि अर्ज नामंजूर झाल्याचा फोन आला.

"अहो, अभिनंदन!" पलीकडची बाई म्हणाली. "पथ्याने गुण आला की! वजन आमच्या मर्यादेखाली आलंय. आता कशाला पोट कापून घेता?"

"म्हणजे तुमचं पथ्य पाळलं म्हणून शस्त्रक्रिया नाही. आणि पाळलं नसतं तर?"

"तरी नाही, मॅडम. नियम आहे."

वर्नाने कपाळाला हात लावला. "अहो, पण हे वजन परत वाढणार. मग मी करू तरी काय?"

"सोप्पं आहे. या महिन्यात जे केलंत, तेच चालू ठेवा."

फ्रिजमध्ये चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेल्या मॅकरोनीची भांडी झाकलेलीच होती.

"ते नाही जमायचं," वर्ना म्हणाली. "या महिन्यात माझी आई गेली. मला आई एकच होती."